बरी

कादंबरी गावात आली ती हटवार गुरुजींच्या डिकीतून,
भंडाऱ्याच्या बसस्टँडवर घेतलेली, वर ब्राऊन पेपरचं कव्हर.
आधी त्यांनी वाचली, मग त्यांच्या मंडळींनी,
मग आशा वर्कर प्रणिताने, लसीच्या डब्याला टेकवून,
मग तलाठ्याने. तोसुद्धा रडला म्हणतात,
सातबारा देताना डोळे लाल होते.
माझ्याकडे पोचली तेव्हा
पान दोनशे बारा फुगलेलं होतं
कडेने वळलेल्या पापडासारखं.

मी डाकघरात बसते, अकरा ते तीन.
शिक्के मारून झाले की वेळच वेळ.
धान कापणीच्या आधी एकदा वाचली,
चुरणे आटोपल्यावर परत एकदा,
न जाणो, माझंच लक्ष नसेल.
दोनशे बारावर श्वास धरून थांबले,
उचकी जावी म्हणून धरतात तसा.
काही झालं नाही.
बाहेर कोणाची तरी शेळी
बाभळीला दोन पाय लावून उभी होती.
मी तिच्याकडेच पाहत राहिले.

तो बारा वर्षं तिची वाट पाहतो.
पाहू दे.
पण बारा वर्षं त्याचे सदरे कोण धुतं?
तो पत्रं लिहितो, रोज एक,
आणि एकावरही पिनकोड नाही.
हे मी कोणाला बोलले नाही.

गुरुजींनी विचारलं, "मंग? रडलीस का नाई?"
म्हटलं, "बरी आहे."
ओसरीवर सगळे गप्प.
प्रणिताने पाहिलं माझ्याकडे
थर्मामीटर झटकताना पेशंटकडे पाहते तसं.
"बरी मनजे?"

बरी म्हणजे बरी.
मोहाडीचे पाहुणे मला पाहून गेले
तेव्हा फाटकाशी हेच म्हणाले होते, पोरगी बरी आहे.
आणि माझा टायफॉईड उतरला त्या सकाळी
आई दारोदार हाच शब्द सांगत फिरली,
हातात गुळाची वाटी.
चहा कोमट झाला
तरी पितोच की आपण, बशी पुसून.

खरं म्हणजे एक बाई आवडली होती मला.
पान एकशे सेहेचाळीस, खानावळवाली.
तो पैसे न देता निघून जातो.
ती त्याचं ताट उचलते,
त्याने कडेला काढलेल्या मिरच्या मोजते,
धुते,
आणि संध्याकाळच्या वरणात टाकते.
तीन ओळी. नाव नाही.
पुढच्या अडीचशे पानांत
ती परत कुठेच येत नाही.

एवढं मी सांगितलं शेवटी.
कोणालाच आठवेना.
गुरुजी म्हणाले, दुसऱ्या कोणत्या पुस्तकात वाचलं असशील तू.

रात्री साडेनऊला प्रणिताचा फोन,
मागे कुकर ओरडतोय.
"आहे वं, खरंच आहे ते बाई.
मंग तिचं पुढं काय झालं?"

म्हटलं, तेच तर.