कणकण

मिचिल, म्हणजे आमच्या साखा भाषेत हसू.
आई हल्ली त्याला नावानं हाक मारत नाही.

ऑक्टोबरपासून भिंतीकडे तोंड करून पडलाय.
सकाळी बोटं सुजलेली, मूठ वळत नाही,
कुऱ्हाड दारामागे तशीच.
लाकडं मामा फोडतो, आणि फोडता फोडता ऐकवतो :
आळसाला औषध नाही.

मी दवाखान्याची बाई. गावात डॉक्टर नाही, मीच.
थर्मामीटर लावला. ताप नाही.
"कणकण आहे," तो म्हणाला,
"पण अंगात नाही. अंगाच्या मागे कुठंतरी."
हे कुठल्या रकान्यात लिहू?

रक्त काढलं. नळी मोज्यात, मोजा कोटात,
उणे सत्तेचाळीस,
गोठल्या नदीवरून ट्रक गेला याकुत्स्कला.
अकराव्या दिवशी फोन.
तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आकडा दोनदा वाचला.
दाह आहे, म्हणाल्या, सांध्यांत, रक्तात,
सगळीकडे थोडा थोडा.
आणि मन?
फोनमध्ये नुसती खरखर.
शरीर दुखावलं की कोपरा धरतं, म्हणाल्या,
जनावर धरतं तसा.
पण आधी काय पेटलं, ही सूज की ती उदासी,
ते मला विचारू नकोस.
कुणाकुणात दोन्ही एकमेकांना फुंकर घालतात, एवढं कळलंय.

गोळ्या घेऊन गेले, दोन रंगांच्या.
त्यानं पाहिल्या. मग का कोण जाणे,
उठून बूट चढवले. नाडीला अर्धा तास लागला.
मी हात लावला नाही.

लार्चच्या रानापलीकडे, कमरेइतक्या बर्फात
चटईएवढी काळी, ओली जमीन.
उन्हाळ्यात इथंच चर खणले होते त्यानं, एकवीस दिवस.
आग विझली, अशी सही केली होती सगळ्यांनी.

त्यानं काठी खुपसली. बाहेर काढली.
टोक जळकं, वाफाळतं.
ज्वाळा नाही, आवाज नाही,
मुळांच्या खाली धुमसतंय अजून.
"वरून बर्फच दिसतो," म्हणाला.
बराच वेळ उभे राहिलो. पाय तेवढे उबेत.
मग काठी माझ्या हाती दिली,
दुखरी बोटं उलगडून, एकेक.

रात्री वही उघडली.
'ताप नाही' असं लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.
खोडलं नाही. खोटं नव्हतं ते.
समासात फक्त काठीच्या टोकानं
एक काळी रेघ ओढली,
आणि हात न धुता झोपले.