रिकाम्या पोत्यांची पावती

मक्ता साधा होता, डॉन फुल्हेन्सियो.
गलेता एकशे वीस पोती, येर्बाची पत्ती चाळीस,
मीठ वेगळं, बंदरापर्यंतची हमाली तुमची.
शाई वाळावी म्हणून तुमच्याच कारकुनाने फुंकर घातली होती.

आज लिननच्या सुटात तुम्ही
लष्करी न्यायाधिकाऱ्यांपुढे एकच कागद सरकवता
आणि गप्प बसता.
'गलेता, येर्बा, मीठ : पूर्ण माल मिळाला.' खाली
कॅप्टन एलिसेओ व्हायेहोस, तारीख, वेळसुद्धा.

सही माझीच आहे.
त्या पहाटे गाडी शिट्टीवर शिट्टी देत होती,
गलेताची साठ पोती डब्यात चढली होती,
उरलेली दुपारच्या बोटीने, तुम्ही म्हणालात,
आणि सहीवाचून चढलेलीही उतरवा, असा हुकूम होता.
केली सही. साठ तरी पोचू देत.
दुपारची बोट आली.
तिच्यातून एक पियानो उतरला,
गोणपाटात गुंडाळलेला.

पुरावा? न्यायाधिकारी विचारतात.

आहे. त्याला खेचरांचा वास येतो.
रूळ संपतात तिथून चाकोत चार दिवस आत,
काट्यांच्या रानात, जिथे विहिरीला
पाण्याआधी चिखल लागतो,
सार्जंट क्रेसेन्सियो बोगादो नियम पाळतो :
पोती झटकावी, घडी घालावी, परत धाडावी.
गठ्ठ्यात पेन्सिलीची चिठ्ठी,
'साठ आली, साठ परत. एक फाटकं आहे, माफी असावी.
झटकताना निघालेला भुगा आजाऱ्यांना दिला.
बाकीची कधी?'

न्यायाधिकारी चष्मा पुसतात.
रिकाम्यावरून भरलेलं मोजता येत नाही, कॅप्टन.
साठ अंथरली असतील, साठ जाळली असतील,
शिपाई ते, त्यांचा काय भरवसा.
तुम्ही हळूच मान डोलावता,
जणू शिपायांची तुम्हालाही काळजी आहे.

साठ पोत्यांची किंमत माझ्या पगारातून.
दरमहा थोडी. सात वर्षं.

पायऱ्यांवर तुम्ही हात पुढे केलात,
मनात ठेवू नका, म्हणालात.
हात मऊ होता. एवढंच ठेवलं मनात.

रात्री कोठारात कंदील घेऊन बसलोय.
बोगादोला उत्तर जायला हवं, खेचरं पहाटे निघतात.
'बाकीची कधी' याच्यापुढे लेखणी थांबते,
मग खालच्या ओळीवर उतरते :

रिकामी पोती मिळाली. एकूण साठ.
फाटकं चालेल.
या वेळी मोजून सही केली आहे.