कादंबरीत नाही ते

माझी कादंबरी छापून आली
तिच्यात गाव होतं, नाला होता,
गणिताच्या मास्तरांची मागचं चाक वाकडं असलेली सायकल होती,
पहिल्यांदा पाळी आली तो गुरुवारचा बाजारही होता.
मिरचीचा सातरा तेवढा नव्हता.
धंतोलीतले संपादक म्हणाले होते,
हे प्रकरण काढा बाई,
इतकं कोणी रडत नाही.

खरं तर कोणी रडत नव्हतंच.
कुहीच्या अलीकडे, उघड्या रानात
मिरचीचे लाल ढीग,
आणि ढिगाशी आम्ही पन्नासेक बायापोरी
नाकातोंडाला फडकं बांधून
एकेका मिरचीचा देठ खुडत.
किलोला दीड रुपया.
कोणाच्या डोळ्यांतून कशानं पाणी येतंय
हे विचारायची तिथे रीत नव्हती.
गिरजाबाईचा नवरा पारडीच्या बाईकडे राहायला गेला,
त्या साली ती एकही दिवस खाडा न करता आली,
आणि संध्याकाळी घरी जाताना
तिचे डोळे अगदी स्वच्छ असायचे.

मी सोळाची. पुष्पकलाही सोळाची,
पण ती माझ्याआधी मोठी झाली,
म्हणजे आठवीत शाळा सुटली तिची.
ती दोन्ही हातांनी खुडायची,
माझी दोन किलो व्हायची तिथे तिची पाच.
पहिल्या दिवशी मी डोळा चोळला
तेव्हा तिनेच तोंडावर पाणी मारलं.
‘हात नाही लावाचा वं डोळ्याले,
खांद्यानं पुसाचं.’
अजून मी खांद्यानेच पुसते.
रात्री हात पेटायचे.
मी माठाला मिठी मारून झोपायचे,
आई म्हणायची, पोट्टी लगनाची झाली,
आणि माठाले बिलगते.

दहावीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख शनिवारी होती.
बाप म्हणाला, पुढच्या साली भरजो.
तो वाईट नव्हता. त्याला खरंच वाटायचं
की पुढचं साल म्हणजे
सायगावच्या फाट्यासारखं काहीतरी असतं,
जिथे आहे तिथेच राहतं.

पुष्पकलाने ओढणीची गाठ सोडली.
तोरड्यांसाठी साठवलेले होते.
‘घे. माह्या पायाले काय घाई आहे.’
नोटा इतक्या तिखट
की शाळेतला बाबू मोजता मोजता तीनदा शिंकला,
चौथ्यांदा त्याने मोजल्याच नाहीत,
पावती फाडली.

कादंबरीत ते पैसे बाप देतो.
घड्याळ विकून.
लोकांना तोच प्रसंग सगळ्यात आवडला,
एकाने परीक्षणात त्या बापावर दोन परिच्छेद लिहिले.
माझ्या बापाकडे घड्याळ नव्हतं.

पैसे मी परत केले नाहीत.
आधी नव्हते.
नंतर होते, तेव्हा रक्कम एवढी लहान होऊन बसली होती
की द्यायला गेले असते तर
दोघींचीही लाज निघाली असती.

परवा मोरभवनवरून बस धरली.
सातरा तिथेच, बाया नव्या,
पुष्पकला आता काट्यावर असते,
भाव सांगते, वही राखते, ओरडते.
पायांत काही नव्हतं. मी आधी तेच पाहिलं.
‘पुस्तक लिवलं म्हणते तू. मी आहो का त्यात?’
मी म्हटलं, आहेस.
तिने पुस्तक हातात घेतलं,
पानांच्या कडांवरून अंगठा फिरवला,
कडा लाल झाल्या.
उघडलं नाही.
बोरा उतरवून काट्यावर ठेवलं,
डोळे बारीक करून आकडा वाचला.

‘तीनशे साठ,’ ती म्हणाली.
मग हसत, शेजारच्या पोरीकडे वळून,
‘पाय वं, आपलं अख्खं गाव.
अर्धा किलोई नाही भरलं.’