शेवटची आठ पानं

पानं दोनशे आठ.
पानामागे पंचावन्न पैसे,
म्हणजे एकशे चौदा रुपये चाळीस.
कव्हर, लॅमिनेशन, डिंक धरून तीस साठ.
गांधीबागेतल्या अश्फाकभाईंच्या मशीनला
ढीग कळत नाही, एकेक प्रतच कळते;
एक मागा की शंभर, भाव तोच.

एकशे पंचेचाळीस.
यावर किती लिहू?

एकशे नव्व्याण्णव लिहिले
तर दर प्रतीला चौदा सत्तर माझेच जातात.
तीनशे लिहिले तर कुणीतरी विचारणार,
एका खुनाचे तीनशे?
तिसऱ्या प्रकरणात आणखी एक पडतो,
पण ते कव्हरवर सांगता येत नाही.

दोनशे एकोणपन्नास लिहिले.
दुकानाचे वीस टक्के,
ढोमणेकाकांचे दहा,
पाकीट आणि टेप नऊ रुपये.
उरले वीस रुपये तीस पैसे.
वणीहून एक पार्सल परत आलं
की चार प्रतींचा नफा कुरिअरवाल्याचा.

ढोमणेकाका एकतीस वर्षं
कोराडीच्या वीजकेंद्रात रात्रपाळीला होते.
'चौथी चिमणी' त्यांनी लॉगशीटच्या पाठीवर लिहिली,
मधूनमधून उलट्या बाजूचे मेगावॅट दिसतात.
मानधनाच्या पावतीवर सही करतात,
पैसे मोजत नाहीत.
फक्त विचारतात, "किती गेल्या?"
मी म्हणते, "जाताहेत."

जात होती खरं तर एकच.
दर महिन्याच्या एकोणतीस-तीस तारखेला
एकाच पत्त्यावर:
निनावे पान सेंटर, रनिंग रूमच्या मागे, अजनी.
आडनाव निनावे!
एवढी हिंमत ढोमणेकाकांनीही केली नसती.

अकराव्या ऑर्डरीला कुरिअर न करता
मीच निघाले ॲक्टिव्हावर, पाकीट डिक्कीत.
मे महिना, संध्याकाळचे सात,
आणि हँडल अजून हाताला चटका देत होतं.

माणूस खर्रा घोटत होता.
मी नाव सांगितलं. त्यानं हात नाही थांबवला.
"दहा रुपये रात्र, मॅडम.
ड्रायव्हर लोकं नेऊन राहिले.
इटारसी, बल्लारशा, जिथं मुक्काम पडला तिथं वाचते.
चाळीस रात्री टिकते एक पुस्तक,
मग पाठ सुटते त्याची."

परत आणून देतात?

त्यानं सुपारीच्या डब्याखालचा खण ओढला.
आत, जुन्या तंबाखूच्या पाकिटात,
पट्टी धरून फाडलेली, पिन मारलेली
शेवटची आठ पानं.
"हे घरी नाई जात.
पुस्तक जमा करा, मंग खुनी वाचा.
इथंच उभं राहून."

वर्षभर मी टक्क्यांशी झगडत होते,
आणि या माणसाला
कादंबरीची अनामत कुठं असते ते माहीत होतं.

तेवढ्यात एक जण आला.
निळा शर्ट, पाठीला घामाचा नकाशा,
हातात लोखंडी पेटी.
पुस्तक गल्ल्यावर ठेवलं, आठ पानं घेतली,
ट्यूबलाइटखाली सरकला.
मागं यार्डात इंजिनाची शिट्टी झाली,
त्यानं मान वर केली नाही.
मला खुनी ठाऊक होता
आणि मी त्याच्या भुवया वाचत होते.
दोनशे चारवर थांबला.
एक पान मागे गेला. पुन्हा पुढे.
मग पानं सरळ करून परत दिली,
म्हणाला, "मले वाटलंच होतं."
सगळे तेच म्हणतात.

मी नवी प्रत पुढे केली.
निनावेनं ती हातात तोलली,
शेवटाकडून उघडली, मिटली.
"एक सांगू का मॅडम?
पुस्तकं झिजते, खुनी नाई झिजत.
हे पाहा, खणात दहा पडले आहेत करकरीत.
आता पुढच्या टायमाला
दोनशेच पानांचं छापून द्या.
मंग किती कमी होईल?"

आठ पानं. पंचावन्न पैसे.
चार रुपये चाळीस,
डोक्यात आकडा केव्हाच तयार होता.
खर्रा घोटून झाला, पन्नीत बांधून झाला,
पुढचं गिऱ्हाईक उभं राहिलं.

"सांगा ना," तो म्हणाला, "किती?"