फक्की

नवे सर जुलैत आले, सरनोबत.
शिट्टी खिशात, तोंडात लवंग.
पहिल्या दिवशी बॉल कपाटात कोंडून म्हणाले,
आधी एकमेकांची नावं घ्या.

शिवाजी पेठेची पोरं मंगळवारातल्यांना
पास देत नव्हती, आज्ज्यापासनं.
चार मॅच हरलो.
पाचवीत बरोबरी,
तीही समोरच्यांच्या सेल्फ गोलवर.

मी फक्की मारणारा.
रेषा माझी, आतलं सगळं त्यांचं.

डिसेंबरात, शेवटच्या मॅचला, शेवटच्या मिनिटाला
शिवाजी पेठेच्या इंद्रजितनं
न बघताच हाक टाकली, "तौफिक!"
आणि हाकेमागनं बॉल.
तौफिकनं बारला हाणला.

हरलोच.
स्टँडात कुणीतरी शेंगांची टरफलं झटकली.
सर लवंग चावत माझ्याजवळ आले,
रेषेवर पाय न देता.
म्हणाले, उद्या पण आखून ठेव.
सहाला.