रकाना

पहिल्या दिवशी सोमा भोयेंनी वही उघडलीच नाही,
आधी पेन्सिल तासून हातात दिली.
शाई पावसात पळते, म्हणाले,
तिच्याबरोबर तुझी मतंही पळू देत.
इथं फक्त डोळ्याला दिसेल तेवढं.

तेव्हापासून अंजनेरीच्या कड्यासमोर
एकाच सपाट दगडावर बसते मी.

७.१०. वारा वायव्येचा. आभाळ चार आणे.
तिसरी कपार, चुन्यासारख्या ओघळाच्या वर : गिधाड १.
७.४०. तसंच.
८.१५. मान वळवली.
८.२०. उदास दिसतंय.

'उदास'वर त्यांनी आडवी रेघ मारली.
विचारलंस त्याला?

खालच्या पाड्यावरची सकरी मोळी टेकवून उभी राहायची.
एवढं काय लिहितेस गं? आमचा रस्ता आहे का त्यात?
गिधाडं आहेत, म्हटलं.
हसली.
आमची म्हैस मेली तवा तीन दिस पडून होती ओहळात.
सुई टोचून टोचून मेलेली.
लिहायला कुणी नव्हतं. खायलाही.

हे मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात,
खाली : ऐकीव.
तारीख तिला आठवत नव्हती.
'भात कापून झाल्यावर' असं लिहिलं.

माघात कपार रिकामी झाली.
मी रोज चढत होते, बसत होते,
भाकरी खाऊन उतरत होते.
वही उघडायची, मिटायची.

भोये मोटारसायकल लावून वर आले,
धापा टाकत, आणि बोट नेमकं तिथंच ठेवलं.
अकरा दिवस रजेवर होतीस?
नाही. रोज आले. काहीच नव्हतं.
मग शून्य कुठंय?

कोरा रकाना म्हणजे तू नव्हतीस.
शून्य म्हणजे ते नव्हतं.
उद्या तू नसशील, मीही नसेन,
तेव्हा हा फरक कुणाला विचारायचा?

त्यांच्यासमोरच अकरा शून्यं काढली.
घाईत एक उघडं राहिलं,
ते पुन्हा गिरवून मिटवलं.
नंतर त्यांनी बाटलीतलं पाणी मला दिलं,
बोलले काहीच नाहीत.

आज ६.५५.
कडाच नाही. दगडापुढे हातभर गवत,
मग पांढरं.
पेन्सिल शून्यावर टेकली
आणि थांबली.

हे शून्य नव्हे.

लिहिलं : धुकं. दिसलं नाही.
आभाळ सोळा आणे.
आणि बसून राहिले.