मिळकत क्रमांक एकशे सतरा

फाईल दोरीने बांधलेली, दोरी माझ्याहून जुनी.
घरपट्टी विभाग, तिसरं कपाट, खालचा कप्पा.
मनोरमा थिएटर, भद्रकाली, सरस्वती नाल्याकाठी.
भिंती दगडी. छप्पर पत्र्याचं.
वापर : करमणूक.

पहिल्या पानाची शाई तपकिरी झालीय.
‘मालक चुनीलाल ताथेड यांनी सामाईक भिंतीत
विनापरवाना एक खिडकी काढली. दंड रुपये पाच.’
लतीफ आतार सांगतात, थिएटरचं नाव शेठाणीचं होतं,
आणि खिडकी तिच्या माजघरात उघडायची.
शेठ दंड दरवर्षी भरत राहिले.
खिडकी कुणी बुजवली नाही.

तेव्हा नाटकं व्हायची.
तिसऱ्या अंकात पेट्रोमॅक्स भुरभुरला
की नायिका नऊवारी सावरत पुढे यायची,
चार दणके पंप मारायची,
घसा खाकरून पुन्हा विरहात शिरायची.

मग पांढरा पडदा आला.
वापर तोच.

माझा बाप, पुंजा गांगुर्डे, या फाईलीत कुठेच नाही.
पिक्चर एक, टॉकीजा दोन.
नाशिकरोडला तीन रिळं फिरून झाली
की तो ती कॅरियरला आवळून निघायचा,
उपनगर, गांधीनगर, द्वारका,
अर्धी गोष्ट पाठीशी घेऊन, उभ्याने पायडल मारत.

एकदा द्वारकेपाशी पंक्चर.
इकडे नायिका दार उघडायला निघालेली,
आणि दाराबाहेर कोण उभंय
ते माझ्या बापाच्या कॅरियरवर.
लतीफमामांनी दिवे लावले.
लोकांनी बाकं बडवली, शिट्ट्या मारल्या, दमले.
मग थर्ड क्लासात एक तांबट उठला
आणि पुढची गोष्ट आपल्या मनाने सांगू लागला.
बाल्कनीतून कुणी हरकत घेतली.
बायकांच्या बाजूने आवाज आला,
सासऱ्याला एवढ्यात मारू नका.
पाऊण तासाने बाप घामाने निथळत दारात आला
तर तांबट म्हणाला,
‘पुंजा, दम खा जरा. हिचं लग्न लागू दे.’

बाप म्हणायचा, खरा पिक्चर त्यापुढे फिका निघाला.
म्हणजे लोक तसं म्हणाले.
त्याने सलग असा एकही पाहिला नाही.
त्याला रिळांची वजनं माहीत होती.

एकोणसत्तरचा पूर.
पाणी तिकीट न काढता आत आलं,
पुढच्या नऊ रांगांत बसलं, दोन दिवस उठलं नाही.
‘बाके चाळीस वाहून गेली. सूट नामंजूर.’
त्यातलं एक तपोवनात सापडलं,
पुढे कित्येक वर्षं एका चहाच्या टपरीपुढे होतं,
पाठीवर नंबर : एच अकरा.
पाटीवरची ‘मनो’ ही दोन अक्षरंही त्याच पुरात गेली.
नंतरची पोरं ‘रमा’च म्हणत.

वापर : करमणूक. खोडून, गोदाम (कांदा).
खोडून, मंगल कार्यालय.
खोडून, बंद.
खोडून, वाहनतळ, सशुल्क.

काल फेरमोजणीला गेले.
पत्रा नाही, पडदा नाही. खिडकी आहे,
तिच्यातून एसीचा पाईप बाहेर आलाय.
दुचाक्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून.
पावती फाडणारा पोरगा
प्रत्येक चाकाखाली विटेचा तुकडा सरकवत होता.
‘जमीन उतरती आहे मॅडम. बांधणाऱ्याची चूक.’
मी टेप धरला.
मागच्या भिंतीपासून पुढच्या भिंतीपर्यंत
साडेतीन फुटांचा उतार,
मागच्याला पुढच्याचं डोकं आड येऊ नये एवढा.

फॉर्मवर छापलेलंच असतं : जमीन समतल.
मी ते खोडलं.
उतार लिहिला, दिशा लिहिली, सही केली.
साहेब म्हणाले, याने पट्टीत काय फरक पडतो?
म्हटलं, काही नाही.

दोरी सोडताना तुटली.
नवी आणायला शिपायाला धाडलंय.
तोवर फाईल टेबलावर उघडीच आहे.